पांढरी बाजू, तांबडी बाजू

“याला साबण म्हणायचं? नखाएवढी चिपटी उरलीय! आणि वर पाटी बघा — अंगावर एक कण राहता कामा नये म्हणे. कशानं जाणार कण? शिव्यांनी?”

पत्र्याच्या आडभिंतीपलीकडून ही कुरकुर आली तेव्हा माझ्या केसांत फेस होता आणि डोळे गच्च मिटलेले. भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वर हातभर फट होती, आणि त्या फटीतून वाफ, पाण्याचा आवाज आणि लोकांचा वैताग मोकळेपणानं ये-जा करायचे.

“अजून कुणाबद्दल काही राहिलंय का सांगायचं?” मी विचारलं.

पलीकडचं पाणी एकदम थांबलं.

“…कोण आहे?”

“साबणवाली. वर बघा.”

मी टाचा उंचावून माझी वडी भिंतीच्या कडेवर ठेवली. पलीकडून एक ओला हात आला, चाचपडला, आणि वडी घेऊन गेला.

“परत कशी करू?”

“करायची नाही. तुमच्या बाजूची वस्तू आमच्या बाजूला येत नाही. नियम शिकवला नाही का कुणी?”

“शिकवलाय. आभार येतात का पण?”

“येतील. धुऊन पाठवा.”

तो हसला. पत्र्याला पाठ लावून कुणी हसलं की पत्राही जरासा हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता तिथं गाड्या उभ्या करायची जागा झाली आहे. मी मुद्दाम जाऊन पाहून आले. न्हाणीघर कुठं होतं, चौक कुठं होता, काही सांगता येत नाही. म्हणून आधी ते केंद्र तुमच्यासमोर उभं करते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

गव्हाच्या पानांवर तांबेरा पडतो. ती एक बुरशी. लोखंडाला गंज चढावा तसं पान नारिंगी होतं, बोट लावलं की भुकटी बोटावर येते. आमच्या केंद्रात तिच्यावर काम चालायचं. मधे फरसबंदी चौक. चौकाच्या एका अंगाला लांबच लांब काचघर, तिथं निरोगी रोपं वाढायची. ती पांढरी बाजू. समोर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला दुसरं काचघर. तिथं तांबेऱ्याच्या वेगवेगळ्या जाती बंद कप्प्यांत जिवंत ठेवलेल्या असायच्या. ती तांबडी बाजू. इकडच्यांना पांढरे कोट, तिकडच्यांना तपकिरी. दोन्हीकडे आत जाताना अंघोळ, बाहेर येताना अंघोळ. पांढऱ्या बाजूचं माणूस काम आटोपून तिकडे जाऊ शकायचं, पण एकदा गेलं की त्या दिवशी परत फिरायचं नाही. आणि तांबड्या बाजूचं माणूस इकडे कधीच यायचं नाही. भुकटीचा कण डोळ्यांना दिसत नाही. बाहीच्या शिवणीत बसून पाहुण्यासारखा येतो, आणि मग जात नाही.

मी पांढऱ्या बाजूची. कॉलेज अर्धवट सोडून मामा-मामींकडे राहायला आले होते, आणि घरात नुसती बसून मामींचं डोकं खाते म्हणून मामांनी मला कुंड्यांवर लावलं होतं. माती चाळायची, बी टोकायचं, पाणी द्यायचं. मी मामांना मामा म्हणायचे, म्हणून हळूहळू सगळं केंद्रच त्यांना मामा म्हणायला लागलं. केंद्राचे प्रमुख, साहेबसुद्धा.

मामा गव्हाचे वाण तयार करायचे. मूलबाळ नव्हतं. घरात ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ म्हणत ते दोन्ही वाणच. थोरला मी यायच्या कितीतरी आधी तांबेऱ्याला बळी पडला होता. त्याचं नाव घरात काढायचं नाही, एवढंच मला मामींनी पहिल्या दिवशी सांगितलं. धाकट्याबद्दल मात्र कितीही बोललेलं चालायचं. त्याच्यात मामांनी एका रानगवतातला जनुक आणून बसवला होता आणि अजून कुठल्याही तांबेऱ्याची त्याच्यापुढे डाळ शिजली नव्हती. पुढच्या हंगामात त्याचं बियाणं शेतांवर जाणार होतं. मामा निवृत्त होणार होते. सगळं कसं छान जुळून आलं होतं.

आणि समोरच्या काचघरात तो, माझा साबण नेणारा, आला होता. नवा. केंद्रातल्या बायका त्याला तांबेरेबुवा म्हणायच्या.

रोज सकाळी मी त्याच्यासाठी निरोगी रोपांच्या कुंड्या चौकातल्या खिडकीत ठेवायचे. तांबेऱ्याला जगायला जिवंत पान लागतं, मेलेल्यावर तो जगत नाही. म्हणजे मी वाढवायचं आणि त्यानं त्याला रोग लावायचा. खिडकीला दोन झडपा होत्या. माझी उघडी असली की त्याची बंद. कुंड्या जायच्या, परत काही यायचं नाही.

दोन्ही बाजूंना जोडणारा आतला एक फोन होता. कामासाठी.

“कुंडीवाल्या बाई का?”

“बोलतेय.”

“आजची रोपं जरा… नाजूक वाटतात.”

“तुमच्याकडे यायचं म्हणून घाबरलीयत.”

“त्यांना सांगा, माणूस वाईट नाही.”

“माणसाचं त्यांना काय? तुमची पाळीव मंडळी त्यांना खाणार.” मी काचेतून समोर पाहायचे. तोही फोन कानाला लावून काचेशी उभा असायचा. दोन काचा आणि मधे चौक, त्यामुळे चेहरा नीट दिसायचा नाही. तपकिरी कोट दिसायचा, आणि मान एका बाजूला कलती. “तुमच्या कानामागे भुकटी राहिलीय,” मी म्हणायचे.

“इतक्या लांबून दिसते?”

“नाही. पण राहिलेली असणारच.”

तो खरंच कानामागे हात फिरवायचा… आणि मी हसू दाबायला पाठ फिरवायचे.

एकदा त्यानं धाकट्याचं एक पान काचेला टेकवून धरलं आणि मधे भिंग लावलं. दर हंगामात धाकट्यावर त्याच्याकडच्या सगळ्या जाती टाकून बघायच्या, असा रिवाज होता. संध्याकाळी मी त्या काचेजवळ बाहेरून उभी राहिले. आत तो, बाहेर मी, मधे पान. हाताशी फोन नव्हता, म्हणून तो ओरडून बोलत होता.

“ठिपका दिसतो?”

“दिसतो. मोहरीएवढासुद्धा नाही. हाच रोग?”

“रोग नव्हे, हाच बचाव! बुरशी पानात शिरताना आपली एक खूण घेऊन येते. मामांच्या त्या जनुकाला ती खूण ओळखता येते. ओळख पटली की पान तेवढाच भाग स्वतःहून मारून टाकतं. मेलेल्या जागेवर बुरशी उपाशी मरते. संपलं!”

“म्हणजे चोर ओळखला म्हणून आपलीच खोली जाळायची?”

“घर वाचतं की!”

“आणि चोरानं खूण टाकून दिली तर?”

काचेवर त्याच्या श्वासाचा ढग आला आणि विरला.

“मग घर त्याला ओळखतच नाही,” तो म्हणाला. “आत घेतं.”

तेव्हा मला ते बोलणं फार गोड वाटलं होतं. बाविशीतल्या पोरीला काय, जनुकसुद्धा गोड वाटतात. मामांच्या कपाटातली जाडजूड पुस्तकं मी तेव्हापासून चोरून वाचायला लागले. निम्मं कळायचं नाही. जे कळायचं ते त्याच्या आवाजात कळायचं.

संध्याकाळी आपापली अंघोळ झाली की दोघंही फाटकापर्यंत एकत्र चालायचो. त्याच्या केसांना साबणाचा वास, माझ्याही. एकाच वडीचा — साठाच एकाच जातीचा असायचा, पण मला आपलं वेगळं काही वाटायचं. तो पानांबद्दल बोलायचा. बोट लागलं चुकून हाताला तर वाक्य मधेच तुटायचं… आणि पुन्हा पानापासून सुरू व्हायचं. मामी फाटकालगतच्या आमच्या घराच्या ओसरीतून बघायच्या आणि मी घरात शिरले की म्हणायच्या, “आज काय, कुठल्या रोगाची चर्चा?”

मग ती सकाळ आली.

धाकट्याच्या कुंड्यांना पाणी देता देता माझ्या पांढऱ्या बाहीवर रेघ उमटली. नारिंगी. मी पान उलटलं. ठिपके नव्हते. फोड होते, फुटलेले, भुकटीनं भरलेले. पुढची कुंडी. तिच्या पुढची. हातातली झारी मी कुठं ठेवली ते आठवत नाही.

मामा आले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, “दार कुणी उघडं ठेवलं?”

तेवढंच. पानाबद्दल एक शब्द नाही.

दुपारपर्यंत केंद्रभर ठरून गेलं की लागण तांबड्या बाजूकडून आली. कशी आली? कुणीतरी आणली. कुणी? आता माझ्या आणि त्याच्या फोनची गोष्ट चहाच्या टेबलावर सगळ्यांना तोंडपाठ होतीच. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “तरुण माणसं… होतं असं. पण शिस्त म्हणून काही करावं लागेल.” काही म्हणजे बदली. इतकी लांब, की पत्रानं बोलायचं झालं तरी उत्तराची वाट बघण्यात म्हातारं व्हावं.

घरी मामींनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

“आला होता का गं तो आत?”

“नाही, मामी.”

“अगदी दारापर्यंतही?”

“नाही!”

“मग तू ये म्हणाली होतीस का?”

“मामी!”

“बरं, बरं. विचारते आपली.” त्या भांडी पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “थोरल्याच्या वेळीही यांनी आधी दारंच तपासली होती.” आणि जणू काही बोलल्याच नाहीत अशा पलीकडे गेल्या.

मी फोन उचलला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

“तुम्ही साहेबांना काय सांगितलंत?”

“माझ्याकडूनच गेली असेल म्हणालो.”

“दिवसातून तीनदा अंग घासणारा माणूस असं म्हणतो?”

“कानामागे राहिली असेल.”

“थट्टा नको!” समोरच्या काचेआड तो अगदी स्तब्ध उभा होता. “मला एक सांगा. तुमच्या कप्प्यांतल्या किती जाती धाकट्यावर वाढतात?”

त्यानं काचेकडे पाठ केली.

“एकही नाही. भिंग लावून तुम्हीच दाखवलंत मला. त्यांतली कुठलीही आणून टाकली असती तरी ठिपकेच आले असते. हे फोड आहेत. म्हणजे तुमच्याकडून आलेलीच नाही. ही दुसरीच आहे… खूण टाकून आलेली. रानातून, वाऱ्यावरून, कुठूनही.”

“फोन ठेवा,” तो म्हणाला.

“नाही ठेवत.”

“ऐका माझं. बुवा निष्काळजी निघाला तर काय बिघडतं? बुवा पुष्कळ मिळतात. मामांचा निरोप समारंभ तोंडावर आलाय. आयुष्य घातलंय त्यांनी. मी त्यांना काय जाऊन सांगू — तुमचा दुसराही…” पुढचं त्यालाही म्हणवलं नाही.

“आणि बियाणं शेतांवर गेल्यावर?”

“…पेरणीआधी सांगेन. तिकडून. लिहून.”

“आणि मी?”

“लागण झालेली एक कुंडी खिडकीत ठेवाल? खात्री करून घ्यायची आहे.”

पानांबद्दल. अजूनही पानांबद्दलच. मी फोन आपटला, आणि कुंडी ठेवली.

ते दिवस फार वाईट गेले. सोपं गणित होतं. त्या केंद्रातल्या प्रत्येकाला येत होतं. साहेबांना येत होतं, चहाच्या टेबलावरच्यांना येत होतं, मामींनासुद्धा येत होतं. त्याला वाचवायचं तर एकच वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते वाक्य मामांच्या छातीत जाणार होतं. रोज रात्री जेवताना मी ते जिभेवर घ्यायचे. मामा म्हणायचे, “भात घे की अजून.” मी भात घ्यायचे आणि वाक्य गिळायचे. एकीकडे मला आसरा देणारा माणूस, दुसरीकडे ज्याच्यासोबत मला म्हातारं व्हायचं होतं तो. आणि दोघंही अगदी प्रेमानं गप्प.

बदलीचं पक्कं करायला साहेबांनी दुपारी आम्हाला बोलावलं. मला का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो कोपऱ्यात उभा होता, तपकिरी कोट काढलेला, साध्या सदऱ्यात. इतक्या जवळून, इतक्या उजेडात मी त्याला फारदा पाहिलेलं नव्हतं. तो किती वाळला होता.

“मामा, तुमची हरकत नसेल तर…” साहेबांनी सुरुवात केली.

“आधी त्याची खोली बघतो,” मामा म्हणाले.

सगळे चपापले. थोरला गेल्यापासून मामांनी तांबड्या बाजूला पाऊल टाकलेलं नव्हतं.

आम्ही चौघं अंघोळी उरकून, तपकिरी कोट चढवून आत गेलो. मामांना कोट आखूड झाला होता, मनगटं बाहेर आली होती. आत दमट ऊब, दिव्यांची गुणगुण. आणि शेवटच्या फळीवर, शेजारी शेजारी, धाकट्याच्या दोन कुंड्या. एकीवर त्यानं आपल्या कप्प्यांतल्या जुन्या जाती टाकल्या होत्या. तिची पानं हिरवीगार, वर बारीक ठिपके, पेनची निब टेकवल्यासारखे. दुसरीवर मी पाठवलेल्या कुंडीतली भुकटी. ती डोक्यापासून मातीपर्यंत नारिंगी.

याहून स्वच्छ कुणी काय सांगणार? चौघांनीही पाहिलं.

“इथं उजेड जरा कमी आहे,” साहेब म्हणाले.

“दमट फार आहे,” मी म्हणाले. मीसुद्धा!

“कुंड्या आज धुवून टाकणारच होतो,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

मामांनी त्याचा हात बाजूला सारला. नारिंगी कुंडीतलं एक पान दोन बोटांत धरलं, अगदी हलक्या हातानं, झोपलेल्या मुलाचा कान धरावा तसं. अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं.

“पडला,” ते म्हणाले. “माझा धाकटा पडला.”

“मामा, अजून तसं निश्चित—”

“साहेब, डोळे आहेत मला. याच्या खोलीत त्याला खाणारं काही नव्हतंच. पहिल्या दिवशी पान पाहिलं तेव्हाच कळलं होतं मला. दारं तपासत बसलो… म्हातारपण, दुसरं काय.” त्यांनी अंगठा कोटाला पुसला नाही, तसाच ठेवला. “बियाण्याचा एक दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही. एका जनुकाच्या भरवशावर राहिलो, ती चूक माझी. आता दोन-तीन एकत्र बसवायला हवेत, म्हणजे बुरशीला एकाच वेळी सगळ्या खुणा टाकता येणार नाहीत. ते काम मी नाही पुरं करणार. ते याला करू दे. हा कुठं जायचा नाही.”

साहेबांनी मान डोलावली. इतक्या पटकन, की बिचारे किती दिवस मान अडकवून बसले होते ते कळावं.

मग मामा त्याच्याकडे वळले.

“तुला कधीपासून माहीत?”

“…पहिल्या दिवसापासून.”

“मग तोंडाला काय झालं होतं? दुसऱ्याचं खापर डोक्यावर घेऊन निघाला होतास गुपचूप?”

“नाही, म्हणजे… तुमचा समारंभ… तुम्हाला त्रास…”

“माझ्यासाठी?” मामा खरोखरच बुचकळ्यात पडले होते. “अरे, पण तुझा मी कोण?”

तो कुंडीकडे बघायला लागला. साहेब छताकडे. आता हा पुन्हा पानांपासून सुरुवात करणार, हे मला दिसलं. आणि मामांच्या अंगठ्यावरची भुकटीही दिसली. ज्यांच्या तोंडून ‘पडला’ निघू शकलं, त्यांच्यापुढे माझं एवढंसं वाक्य अडून बसावं?

“तुम्ही माझे मामा आहात, म्हणून,” मी म्हणाले. “माझं यांच्यावर प्रेम आहे, मामा. यांचंही माझ्यावर आहे. फक्त यांना ते कधी म्हणता आलेलं नाही.”

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. साहेबांनीही छत सोडलं.

“आहे,” तो म्हणाला.